फ्लोरिडा २०००: पंच कार्डांच्या फेरमोजणीचा वाद मुळात कुठून आला

२००० ची अमेरिकेची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक, जॉर्ज बुश विरुद्ध अल गोर, फ्लोरिडा राज्यावर येऊन अडली. बुशच्या बाजूने ५३७ मतांचा फरक आणि शेवटी कोर्टात लागलेला निकाल, एवढं सगळ्यांना माहीत आहे, पण कार्डांबद्दलची तक्रार त्याच्या बरीच आधीची. मत म्हणून भोक पाडायची ही पंच कार्डं अमेरिकेत १९६४ पासून वापरात होती. भोकाच्या जागी कागद आधीच अर्धवट कापलेला असायचा, मतदाराने टोच्याने तो बारीक तुकडा म्हणजे चॅड खाली पाडायचा, आणि तो लोंबत राहिला किंवा नुसताच खळगा पडला तर मशीनला मत दिसेलच असं नाही. १९८८ मध्ये एका सरकारी संस्थेच्या अहवालात ही कार्डं बंद करा असं स्पष्ट सुचवलं होतं, तरी बारा वर्षांनी फ्लोरिडातल्या मोठमोठ्या काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) तीच चालू होती.

७ नोव्हेंबरच्या मतदानात फरक अर्ध्या टक्क्याच्या आत आला म्हणून कायद्याप्रमाणे मशीनने पुन्हा मोजणी झाली आणि बुशची १,७८४ मतांची आघाडी तीनेकशेवर आली. मग हरणाऱ्या बाजूने, म्हणजे गोरच्या, चार काउंट्यांमध्ये हाताने मोजणी मागितली.

खरा घोळ पाम बीचमध्ये झाला आणि माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ तिथेच आहे. तिथे १९९० चा एक स्थानिक नियम होता की चॅड थोडा तरी सुटलेला असेल तर मत धरायचं, नुसता खळगा असेल तर नाही. ११ नोव्हेंबरला नमुना मोजणी या नियमाने सुरू झाली, मधेच कार्डातून उजेड दिसतो का ते बघायचं ठरलं, मग पुन्हा जुना नियम, सगळं एकाच दिवसात! पुढे कोर्टाने सांगितलं की खळगे सरसकट बाद करता येणार नाहीत. मोजणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे, पण राज्याच्या कायद्यात फक्त मतदाराचा हेतू स्पष्ट दिसला पाहिजे एवढंच होतं, तो कशावरून ओळखायचा ते लिहिलंच नव्हतं. टेक्सासने, म्हणजे बुश जिथे गव्हर्नर होता त्याच राज्याने, ते कायद्यात लिहून ठेवलं होतं आणि हेतू कळत असेल तर तिथे खळगासुद्धा चालत होता.

मायामी-डेडमध्ये मशीनला मत न दिसलेली साधारण १०,७५० कार्डं होती, तिथे २२ नोव्हेंबरला वेळ पुरणार नाही म्हणून मोजणी मधेच सोडून दिली. पाम बीचने मोजणी पूर्ण केली, पण २६ तारखेची मुदत टळून गेल्यावर, त्यामुळे त्यांचे आकडे जाहीर निकालात धरले नाहीत. रात्रंदिवस बसून मोजलेली मतं काही तासांच्या उशिरासाठी बाजूला ठेवणं मला आजही पटत नाही.

८ डिसेंबरला राज्याच्या वरिष्ठ कोर्टाने ४-३ ने राज्यभरची, मशीनला मत न दिसलेली कार्डं हाताने मोजायला सांगितली, दुसऱ्याच दिवशी देशाच्या सर्वोच्च कोर्टाने ते थांबवलं आणि १२ तारखेला ५-४ ने विषय संपवला. कारण दिलं ते हेच, की एकसारखीच खूण एका काउंटीत मत धरली जाते आणि दुसरीकडे नाही.

२००१ मध्ये फ्लोरिडाने ही कार्डं बंद केली, २००२ च्या केंद्रीय कायद्याने बाकी राज्यांनाही मशीन बदलायला पैसे दिले, तरी आयडाहोच्या दोन काउंट्यांमध्ये ती २०१४ पर्यंत वापरात होती.