एका गुंठ्यात बोअर आणि शोषखड्डा बसवायचा कसा?

हायवेला लागून "एनए प्लॉट, रोड टच, स्वतंत्र बोअर" असे बोर्ड हल्ली जिकडेतिकडे दिसतात, आणि घेणारे पण आधी रेट विचारतात मग सातबारा बघतात, पाण्याचा विषय "बोअर मारून घ्या की" एवढ्यावर मिटतो. शोषखड्डा कुठे येणार हे कोणीच विचारत नाही, खरं तर पहिला प्रश्न तोच हवा.

हिशोब करून बघा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चौकोनी असेल तर ३३ बाय ३३. आयएस २४७० हे भारतीय मानक सांगतं की सेप्टिक टँकचं पाणी जिथे मुरवतो तो शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर, म्हणजे जवळपास ६० फूट लांब पाहिजे. आता ३३ बाय ३३ मध्ये या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकं मोजलं तरी ४७ फूटच भरतात! घर न बांधताच नियम मोडला. दोन गुंठे घेतले तरी सुटका नाही, कारण बोअर आपल्या खड्ड्यापासून लांब सरकवला की शेजाऱ्याच्या खड्ड्याजवळ जातो.

आणि १८ मीटर पुरतात ते खाली बऱ्यापैकी माती असेल तर. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टवर आहे, वर थोडी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (छिद्रं-पोकळ्या असलेला बेसाल्ट) नाहीतर भेगाळलेला काळा पाषाण. मातीतून पाणी हळू झिरपतं, जंतू अडकतात, मरतात. भेगेत तसली गाळणी नसते आणि भेग कुठे निघते ते वरून कळत नाही, म्हणून तर भेगाळ खडकात शोषखड्डा नकोच असं तेच मानक म्हणतं. त्यात पावसाळ्यात भूजल वर येतं, खड्ड्याचा तळ थेट पाण्यात.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या नांदेड-किरकटवाडी पट्ट्यात जीबीएसचे (गुलेन-बॅरी सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) पेशंट वाढले तेव्हा काहींच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित पाण्या-अन्नातून पसरणारा जंतू सापडला आणि सगळ्यांचं लक्ष विहिरीच्या पाण्याकडे गेलं. पण जंतू असले तर पाणी उकळून, क्लोरीन टाकून काहीतरी करता येतं. नायट्रेटचं काय? एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला काही किलो नायट्रोजन जातो, टँकमधून तो मुख्यतः अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो, जमिनीतले बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण प्रभार आणि मातीच्या कणांवरही बहुतेक ऋणच, म्हणून माती त्याला धरत नाही, पाण्याबरोबर सरळ खाली. रंग नाही वास नाही. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि उकळलं तर पाणी आटून प्रमाण उलट वाढतं. वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना याचा सगळ्यात जास्त धोका, रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते. आजूबाजूच्या शेतातला युरिया वेगळाच.

उपाय प्लॉट पाडायच्या आधीच होतो, नंतर जागाच उरत नाही. ४० घरं, घरात ४ माणसं, जलजीवन मिशनच्या (गावांच्या नळपाण्याची सरकारी योजना) हिशोबाने माणशी रोज ५५ लिटर धरलं तरी ८,८०० लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के म्हणजे रोज सुमारे ७ हजार लिटर सांडपाणी. ते ४० खड्ड्यांत मुरवण्यापेक्षा पाइपने उताराच्या टोकाला एका जागी नेऊन प्रक्रिया करा, पाणी झाडांना द्या, आणि पिण्याचा बोअर चढाच्या बाजूला सगळ्यांचा मिळून एकच, भोवती मोकळी जागा. बेसाल्टमध्ये पाणी दरवेळी जमिनीच्या उतारानेच जातं असंही नाही, तेव्हा भूजलवाल्याकडून सर्व्हे करून घ्याच.

प्लॉट आधीच घेतला असेल तर निदान केसिंगमध्ये (बोअरच्या आत उतरवायचा पाइप) काटकसर नको, पक्का खडक लागेपर्यंत उतरवा, बाहेरची फट सिमेंटने भरा, नाहीतर वरचं घाण पाणी केसिंगच्या कडेने आत उतरतं. पाणी लॅबमध्ये तपासा, पावसाळ्यानंतर तर नक्कीच: १०० मिलीमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) सापडता कामा नये, आणि नायट्रेटचा आकडा वेगळा मागा. प्लॉटवाला खिशातून टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं) काढून "बघा साहेब, २५०" म्हणेल, पण त्या मीटरला जंतू दिसत नाहीत आणि त्या २५० मध्ये नायट्रेट किती तेही कळत नाही.