खुल्या सभा आणि सार्वजनिक अभिलेख

सरकारी संस्थांची कागदपत्रे पाहण्याचा, त्यांच्या सभांना हजर राहण्याचा आणि या दोन्हींचा वृत्तांत प्रसिद्ध करण्याचा नागरिकांचा अधिकार. स्वीडनने १७६६ साली वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या कायद्यातच सरकारी कागद लोकांना खुले केले. भारतात हे अधिकार वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेले आहेत आणि त्यांची ताकद सारखी नाही. कागद मिळवण्याचा अधिकार भक्कम आहे. निर्णय होत असताना समोर बसण्याचा अधिकार फार तोकडा आहे.

राज नारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालीच मान्य केले, की सरकारी व्यवहार जाणून घेण्याचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्यातून येतो. तरीही १९२३ चा शासकीय गुपिते कायदा नकार द्यायला पुढेही हाताशी राहिला. महाराष्ट्राने अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ चा स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला आणि गुपिते कायद्याशी विसंगती आल्यास माहिती अधिकारच वरचढ ठरेल, हे त्यात स्पष्ट लिहिले गेले. अर्जदाराला कारण सांगावे लागत नाही. उत्तर ३० दिवसांत, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत द्यावे लागते. विनाकारण उशीर करणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमांनी अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत बसवला. सरकारी भाषा ज्याला अवगत नाही, त्यालाच ही अट जाचते.

झेरॉक्स प्रतींसाठी अर्ज करणे एवढाच या कायद्याचा वापर अनेकांना ठाऊक असतो. त्याच कायद्यातला अभिलेख तपासणीचा हक्क त्याहून उपयोगी आहे. कार्यालयात बसून पूर्ण नस्ती (फाइल) चाळता येते, टिपणे घेता येतात, चालू कामाची पाहणी करता येते, बांधकामाच्या साहित्याचा प्रमाणित नमुनासुद्धा मागता येतो. नस्तीतली टिपणीची बाजू, म्हणजे कर्मचारी-अधिकाऱ्यांनी लिहिलेले शेरे, आधी वाचावी. प्रस्ताव कोणत्या टेबलावर किती दिवस थांबला, कनिष्ठ कर्मचाऱ्याने घेतलेला आक्षेप वर गेल्यावर कसा विरला, हे तिथेच कळते. सुटा मागवलेला अंतिम आदेश यातले काहीच सांगत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख नागरिकांना पाहण्यासाठी खुले ठेवण्यास सांगितले. अभिलेख तपासणी ही नव्या वार्ताहराने शिकावी अशी पहिली गोष्ट आहे.

कागद किती काळ टिकतो, हेही ठाऊक हवे. महाराष्ट्रातील कार्यालयांत अभिलेखांची अ, ब, क, क-१ आणि ड अशी वर्गवारी असते: ‘अ’ कायमचा, ‘ड’ काम संपल्यावर जेमतेम वर्षभराचा.

सभांबाबत माहिती अधिकार कायदा जवळजवळ गप्प आहे. कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयाने आपली मंडळे, परिषदा आणि समित्या जाहीर करायच्या, त्यांच्या बैठकांना लोकांना येता येते का आणि इतिवृत्त पाहायला मिळते का, हे सांगायचे. ‘येता येत नाही’ एवढे उत्तर दिले तरी कलमाची पूर्तता होते. अमेरिकेच्या १९७६ च्या संघीय कायद्याची सुरुवातच उलट टोकाकडून होते: बहुसदस्यीय संघीय मंडळांच्या बैठका खुल्या, आणि बंद ठेवायच्या तर ठरलेल्या अपवादांपैकी एक दाखवायचा.

आपल्याकडे ग्रामसभा हा मोठा अपवाद. ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत स्थान दिले आणि गावच्या मतदारयादीतला प्रत्येक जण तिचा सदस्य असतो. त्याला तिथे प्रेक्षक म्हणून बसावे लागत नाही, तो प्रश्न विचारतो. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातही पालिकेची सभा लोकांना खुली असते; उपस्थित नगरसेवकांच्या बहुमतानेच ती बंद करता येते. इतर असंख्य समित्यांच्या बाबतीत नागरिकाच्या हाती येते ते इतिवृत्त, तेही बहुधा पुढच्या सभेत कायम (मंजूर) झाल्यावर. त्यात सूचक, अनुमोदक आणि ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’ एवढेच असेल, तर कोणी कशावर आवाज उठवला ते कायमचे हरवते. ही उणीव कितीही अर्ज करून भरून निघत नाही.

छापण्याच्या अधिकाराचा इतिहास अधिक खडतर आहे. खासदार फिरोज गांधी यांच्या प्रयत्नाने १९५६ साली संसदेच्या कामकाजाचा खरा वृत्तांत छापणाऱ्यांना संरक्षण मिळाले. आणीबाणीत तो कायदा रद्द झाला, १९७७ साली परत आला आणि ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१-क घालून विधिमंडळांपर्यंतचे संरक्षण घटनेतच नोंदवले. गुप्त बैठका त्यातून वगळल्या आहेत. महापालिका आणि पंचायती या अनुच्छेदात नाहीत, म्हणून तालुक्याच्या वार्ताहराला बदनामीच्या कायद्यातल्या सर्वसाधारण अपवादांवरच विसंबावे लागते.

राजगोपाल खटल्यात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की सार्वजनिक अभिलेखांवर, त्यात न्यायालयीन अभिलेखही आले, आधारलेला मजकूर संबंधिताच्या परवानगीविना छापता येतो. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख मात्र छापता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यात दुरुस्ती करून याच वाटेवर नवा अडसर आणला. आधी वैयक्तिक माहिती नाकारण्यासाठी तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती देणे म्हणजे खासगीपणावर अवाजवी आक्रमण आहे, असे दाखवावे लागे. दुरुस्तीने या अटी काढून सर्वच वैयक्तिक माहिती सरसकट देण्यातून वगळली. रोजगार हमीच्या हजेरीपटावरचे नाव वैयक्तिकच असते आणि बोगस मजूर शोधायला तेच नाव वाचावे लागते. सार्वजनिक हित मोठे असल्यास माहिती देता येईल, हे माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(२) शिल्लक आहे आणि अपिलात अर्जदाराने सर्वांत आधी त्याचाच आधार घ्यावा.