पाच मिनिटांचं वजन: मेनरोडचं गिऱ्हाईक नेमकं कुठे जातं?

भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला नाशिकच्या मेनरोडवर गेले होते. बिल होईपर्यंत गादीवरच्या शेठशी बोलणं निघालं. महामार्गाच्या कडेला एकाच आवारात मोठमोठी दुकानं येणार, अशी चर्चा त्यांच्या कानावर आली होती. "तसलं काही झालं ना मॅडम, की आमचं संपलंच समजा," ते म्हणाले. त्यांचे थोरले बंधू साडीची घडी घालता घालता म्हणाले, "काही होत नाही. उंटवाडीला सिटी सेंटर मॉल आला तेव्हाही लोक हेच म्हणत होते. मेनरोडला कोण हलवतंय?"

मी बारावीला भूगोल शिकवते. घरी येईपर्यंत हेच डोक्यात घोळत होतं, कारण दोघेही "दुकान राहील की जाईल" एवढंच विचारत होते. गिऱ्हाईक मात्र तसं वागत नाही. ते पाचपैकी तीनदा इकडे येतं, दोनदा तिकडे जातं. हा वाटा मोजण्याचं एक सुंदर गणित आहे, आणि ते नाशिकच्या एकाही व्यापाऱ्याला कुणी समजावून सांगितलेलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

शेठ ज्या आवाराला घाबरत होते, त्याला रिटेल पार्क म्हणतात. आधी ते म्हणजे काय ते बघू. मॉल ही बहुमजली, बंदिस्त इमारत असते. रिटेल पार्कमध्ये मधोमध मोकळा, ऐसपैस वाहनतळ आणि त्याच्या भोवती रांगेने बैठी, मोठी दुकानं असतात: कपडे, फर्निचर, इलेक्ट्रॉनिक वस्तू, किराणा. जागा शहराच्या कडेला, कारण तिथे जमीन स्वस्त आणि रस्ता मोठा. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात अशी आवारं झपाट्याने वाढली.

आता गणिताकडे. विल्यम रायली या अमेरिकी अभ्यासकाने १९३१ साली असं मांडलं, की दोन शहरं आपल्या मधल्या गावातलं गिऱ्हाईक न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणासारखंच ओढतात. शहर जितकं मोठं तितकी ओढ जास्त, आणि अंतर वाढलं की ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. पुढे पॉल कन्व्हर्स यांनी १९४९ मध्ये यातूनच दोन बाजारपेठांमधली सीमारेषा काढायचं सूत्र दिलं. ते आपल्या जिल्ह्याला लावून बघा. २०११च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार आणि मालेगावची पावणेपाच लाखांच्या आसपास होती. दोन्ही शहरांत साधारण १०५ किलोमीटर अंतर. सूत्रात आकडे घातले की सीमारेषा मालेगावपासून सुमारे ३८ किलोमीटरवर येते, म्हणजे चांदवडच्या आसपास. चांदवडचे लोक मोठ्या खरेदीला नाशिकला जातात तसे मालेगावलाही जातात, हे त्या भागात राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. वर्गात हे उदाहरण पहिल्यांदा सोडवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

पण एका शहराच्या आत रायलीचा नियम तोकडा पडतो. इंदिरानगरच्या घरासमोर मेनरोड आहे, कॉलेजरोड आहे, शालिमार आहे आणि गल्लीतलं दुकानही आहे. एक रेघ मारून अलीकडचे सगळे इकडे आणि पलीकडचे सगळे तिकडे, असं म्हणता येत नाही. डेव्हिड हफ यांनी १९६३ साली ही रेघच पुसली आणि तिच्या जागी संभाव्यता आणली. प्रत्येक ठिकाणाच्या विक्रीच्या जागेला तिथे पोहोचायला लागणाऱ्या वेळाच्या वर्गाने भागायचं. येणारा आकडा म्हणजे त्या घरासाठी त्या ठिकाणाची ओढ. सगळ्या ठिकाणांच्या ओढींची बेरीज केली, की प्रत्येकाचा त्यातला हिस्सा म्हणजे ते घर तिथे जाण्याची शक्यता.

पुढचे आकडे मी समजावण्यापुरते धरले आहेत, कुठल्याही पाहणीतले नाहीत. इंदिरानगरमधलं एक घर घ्या. मेनरोडवरच्या कापडदुकानांचा आकार ६० धरा, आणि गाडी लावून दुकानात पाऊल टाकेपर्यंत २० मिनिटं. ओढ झाली ६० भागिले ४००, म्हणजे ०.१५. कॉलनीतल्या दुकानांचा आकार ५ आणि वेळ १० मिनिटं, तर ओढ ५ भागिले १००, म्हणजे ०.०५. बेरीज ०.२०. कपड्यांच्या १०० खरेद्यांपैकी ७५ मेनरोडला आणि २५ कॉलनीत.

आता महामार्गावर ८० आकाराचं रिटेल पार्क आलं. वेळ तितकाच, २० मिनिटं. ओढ ०.२०. एकूण बेरीज ०.४० झाली. पार्कला ५०, मेनरोडला साडेसदतीस, कॉलनीला साडेबारा. मेनरोडचं गिऱ्हाईक निम्मं झालं! शेठची भीती खरीच म्हणायची का?

थांबा. त्याच दिवशी पंचवटीतलं एक घर बघा. तिथून मेनरोड १० मिनिटांवर आणि पार्क ४० मिनिटांवर. कॉलनीतली दुकानं क्षणभर बाजूला ठेवू. मेनरोडची ओढ ०.६०, पार्कची ०.०५. पार्कच्या वाट्याला १०० पैकी जेमतेम ८ खरेद्या येतात. म्हणजे थोरले बंधूही खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोळ्यासमोर पंचवटीचं गिऱ्हाईक होतं आणि धाकट्यांच्या डोळ्यासमोर इंदिरानगरचं.

माझा सगळ्यात लाडका भाग आता येतो. पार्क येऊन बसलंय, त्याचा आकार आपल्या हातात नाही. पण मेनरोडला गाडी लावायला जागाच मिळाली नाही आणि इंदिरानगरच्या त्या घराला २० ऐवजी २५ मिनिटं लागली, तर? मेनरोडची ओढ ६० भागिले ६२५, म्हणजे ०.०९६. हिस्सा साडेसदतीसवरून २८ वर घसरतो. उलट पाच मिनिटं वाचली आणि वेळ १५ वर आला, तर ओढ ०.२६७ होते आणि हिस्सा चढतो जवळजवळ ५२ वर! पार्क तिथेच आहे, दुकानं तीच, माल तोच आणि भावही तोच. फक्त पाच मिनिटं इकडची तिकडे झाली. वेळाचा वर्ग होतो म्हणून मिनिटांना इतकं वजन आहे. तेवढाच परिणाम आकार वाढवून साधायचा, तर ६० चे जवळजवळ १०७ करावे लागतील, आणि जुन्या गावठाणात एवढी जागा आणायची कुठून?

हाच हिशोब उलट्या बाजूनेही चालतो. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने रस्ते रुंद करण्याची, बाहेरून वळवण्याची चर्चा आपण सगळेच ऐकतो. बाहेरचा रस्ता मोकळा झाला आणि पार्क २० ऐवजी १५ मिनिटांवर आलं, तर मेनरोडचा हिस्सा साडेसदतीसवरून २७ वर येतो. रस्ता बांधणं हा बाजारपेठेच्या वाटपाचाही निर्णय असतो, हे नगररचनेच्या बैठकीत कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं.

हफच्या सूत्रात वेळाचा वर्गच घ्यायचा, असं मात्र अटळ नाही. वेळाचा कितवा घात घ्यायचा, तो आकडा म्हणजे घातांक, आणि तो वस्तूप्रमाणे बदलतो. तो १ असेल तर वेळ दुप्पट झाल्यावर ओढ निम्मी होते, २ असेल तर पाव, ३ असेल तर आठवा हिस्सा. कोथिंबिरीच्या जुडीसाठी कुणी गोदावरी ओलांडत नाही, तिथे घातांक मोठा. मंगळसूत्र घडवायला मात्र सिडकोतली आणि सातपूरची माणसंही सराफ बाजारात येतात, तिथे घातांक लहान. एकाच रिटेल पार्कचा फटका रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानाला वेगळा बसतो तो यामुळे. सूत्राची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. वरच्या उदाहरणात पार्क आल्यावर मेनरोड आणि कॉलनी दोघांचा हिस्सा बरोबर निम्मा झाला, कारण हफच्या सूत्रात नवा स्पर्धक सगळ्यांकडून सारख्याच प्रमाणात घेतो. प्रत्यक्षात तो स्वतःसारख्या दुकानांकडून जास्त घेतो. रात्री नऊला अर्धा किलो साखर लागली, तर माणूस पार्ककडे गाडी वळवत नाही.

गिऱ्हाईक घटणं वेगळं आणि नफा घटणं वेगळं. समजा शंभर रुपयांच्या विक्रीत मालाची खरेदी ८५ ची, भाडं-पगार-वीज १० आणि हाती ५. विक्री ८० वर आली. मालाचा खर्च ६८ झाला, सुटले १२. भाडं-पगार तेच १०. हाती राहिले २. विक्री वीस टक्क्यांनी कमी झाली आणि नफा साठ टक्क्यांनी! जुन्या पागडीच्या जागेत नाममात्र भाडं भरणारा इथे तगतो, त्याच्या शेजारी नव्या भाड्याने आलेला आधी उठतो. यात त्यांच्या हुशारीचा काहीच संबंध नसतो.

आणि इथेच मला एक गोष्ट फार अस्वस्थ करते. धंदा बसला की लोक गल्ल्याचं तोंड फिरवतात, वास्तुतज्ज्ञाला बोलावून चांगली भिंत पाडतात, लिंबू-मिरची बदलतात. गिऱ्हाईक पंचवटीतून येतं की पाथर्डी फाट्यावरून, हे मात्र कुणी विचारत नाही. गल्ला ईशान्येला केल्याने इंदिरानगरहून येणाऱ्याची पाच मिनिटं वाचत नाहीत. घामाचे पैसे त्या सल्ल्यात जाताना बघवत नाहीत. दुसऱ्या बाजूला बिल्डरांच्या माहितीपत्रकात 'फूटफॉल'चे आकडे झळकतात. फूटफॉल म्हणजे दारातून आत आलेली डोकी. त्यातली किती एसीत फिरून आईस्क्रीम खाऊन परत गेली, ते त्या आकड्यात दिसत नाही. त्या आकड्याला भुलून तिथे गाळा घेणाऱ्यांनीही वरचा ८५-१०-५ चा हिशोब आधी करावा.

आता जरा अवघड वाट, पण सगळ्यात महत्त्वाची. ब्रिटनमधले भूगोलशास्त्रज्ञ अ‍ॅलन विल्सन यांनी १९६७ मध्ये दाखवलं, की हे गुरुत्वाकर्षणाचं सूत्र न्यूटनकडून उसनं घ्यायची गरजच नाही. वायूच्या असंख्य रेणूंचा हिशोब ज्या एन्ट्रॉपीच्या गणिताने करतात, त्याच गणितातून तसंच सूत्र निघतं. पुढे १९७८ मध्ये त्यांनी आणि ब्रिटन हॅरिस या अमेरिकी नियोजनतज्ज्ञाने एक भेदक प्रश्न विचारला. बाजारपेठेचा आकार आपण स्थिर का धरतो? धंदा चालला तर दुकानं वाढतात, नाही चालला तर बंद होतात.

एक आलेख मनात काढा. आडव्या अक्षावर पेठेचा आकार, उभ्यावर रुपये. खर्चाची रेघ सरळ वर जाते, दुप्पट दुकानं तर दुप्पट खर्च. विक्रीची रेघ मात्र सरळ नसते. भांडी बाजार आठवा. तांब्या-पितळेची दुकानं एकमेकांना खेटून आहेत, म्हणूनच लोक लांबून येतात, कारण इथे नाही तर शेजारी मिळेल अशी खात्री असते. आकाराचा फायदा असा चढत्या प्रमाणात मिळत असेल, तर विक्रीची रेघ इंग्रजी 'एस' अक्षरासारखी होते. आधी सपाट, मग एकदम चढती, मग पुन्हा सपाट. शून्य सोडलं तर ही रेघ खर्चाच्या रेघेला दोन ठिकाणी छेदते. वरचा छेदबिंदू स्थिर असतो, भरलेली पेठ तिथे नांदते. खालचा बिंदू कड्यासारखा. पेठ त्याच्या खाली घसरली तर शून्यापर्यंत थांबत नाही.

रिटेल पार्क आलं की 'एस' खाली सरकतो. दोन्ही छेदबिंदू जवळ येऊ लागतात. पेठ थोडी आक्रसते, पण नांदतच असते, आणि थोरले बंधू म्हणतात, काही होत नाही. मग एखाद्या वर्षी रेघ आणखी जराशी खाली येते, दोन्ही बिंदू एकमेकांत मिसळतात आणि नाहीसे होतात. आता छेदच नाही. उरतं फक्त शून्य. बदल एवढासा, परिणाम प्रचंड. आणि नंतर रेघ पुन्हा होती तिथे उचलली तरी पेठ परत येत नाही, कारण दुकानं उठून गेलेली असतात आणि शून्यावरून कडा चढायला वाटच नसते.

इंग्लंडमध्ये डडली शहराने हे भोगलं. जवळच, बंद पडलेल्या राउंड ओक पोलाद कारखान्याच्या परिसरात १९८०च्या दशकात मेरी हिल हे प्रचंड खरेदी केंद्र उभं राहिलं आणि मार्क्स अँड स्पेन्सरसारखं मोठं दुकान डडलीच्या मुख्य रस्त्यावरून उठून तिकडे गेलं. मोठं दुकान गेलं की त्याच्या सावलीत जगणारी लहान दुकानंही जातात. फ्रान्सने १९७३ मध्येच मोठ्या दुकानांच्या परवानगीसाठी कायदा केला होता. ब्रिटनने १९९०च्या दशकात नियोजनाचे नियम बदलले: आधी शहराच्या मध्यभागी जागा शोधा, नाहीच मिळाली तर कडेला जा. बऱ्याच पेठांसाठी तोवर उशीर झाला होता.

आपल्याला बंदीपेक्षा ती पाच मिनिटं हवी आहेत. शालिमार ते रविवार कारंजा पायी चालता येईल असा रस्ता, गाडी लावायला एक ठरलेली जागा, वेळेवर येणारी सिटीबस. आणि व्यापारी संघटनेने महिनाभर प्रत्येक बिलावर दोनच गोष्टी लिहून घ्याव्यात: गिऱ्हाईक कोणत्या भागातून आलं आणि घरातून निघून दुकानात पोहोचायला किती मिनिटं लागली. तेवढ्यावरून नाशिकचा स्वतःचा घातांक काढता येईल. बारावीची मुलं काढू शकतील, मी काढून घेईन.

साड्या घेऊन मी पलीकडच्या बोळात पिको-फॉलवाल्या मावशींकडे गेले. चार फुटांची जागा, एक मशीन. रिटेल पार्कशी त्यांची काहीच स्पर्धा नाही, कारण महामार्गावर कुणी पिको-फॉलचं दुकान काढणार नाही. मागच्या फळीवर कामाला आलेल्या साड्या दुकानांच्या पिशव्यांसकट रचलेल्या होत्या. मी सहज पिशव्यांवरची नावं वाचली. जवळजवळ सगळ्या मेनरोडवरच्या त्याच तीन दुकानांच्या होत्या.

"मावशी, बाकीच्यांच्या येत नाहीत का?"

"येतात की, एखाददुसरी," दोरा ओवता ओवता त्या म्हणाल्या. "पण माझं घर चालतं ते या तिघांवर."