बदामाचं पान आणि तोंडातली पिल्लं

थंडी सरता सरता मुंबईतले जंगली बदाम लाल होतात. तेव्हा सकाळी झाडूवाल्यानं ढीग करायच्या आत मी शिवाजी पार्कच्या आसपास पिशवी घेऊन पोचलेला असतो. पान आपणहून गळलेलं हवं, अख्खं हवं, कावळ्यांनी खराब केलेलं नको. एकदा कट्ट्यावरच्या एका आजोबांनी विचारलं, "कसला काढा करता?" "माशांचा," म्हटलं. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. पण ते खरं होतं.

ही पानं टाकीत टाकली की दोन दिवसांत पाणी कोऱ्या चहासारखं होतं. पानातली टॅनिन आणि ह्युमिक द्रव्यं पाण्याची आम्लता थोडी वाढवतात, आणि अंड्यांवर चढणाऱ्या बुरशीला थोडाफार आळा घालतात. बोर्निओच्या जंगलातल्या ओढ्यांत वर्षानुवर्षांचा पाचोळा कुजून पाण्याला असाच रंग येतो. तिथं बेट्टा अल्बिमार्जिनाटा नावाचा बोटभर मासा राहतो. बाटलीत किंवा वाडग्यात ठेवून विकतात त्या फायटरचा हा रानातला चुलतभाऊ. अंगाचा रंग तांबूस, परांना काळी पट्टी आणि तिच्या कडेनं पांढरा काठ. अल्बिमार्जिनाटा म्हणजे पांढऱ्या काठाचा.

फायटरचा नर बुडबुड्यांचं घरटं बांधतो. हा बांधत नाही. नर मादीला विळखा घालतो, दोनचार अंडी सुटतात आणि नराच्या खालच्या परावर झेलली जातात. मादी ती तोंडानं उचलते आणि नराच्या तोंडासमोर थुंकते. नर झेलतो. कधी मादी थुंकल्यासारखं करते आणि अंडं परत स्वतःच घेते, पुन्हा थुंकते. हा खेळ तासन्‌तास चालतो. शेवटी नराचा गळा गालगुंड झाल्यासारखा फुगतो आणि तो पानाआड जाऊन बसतो. पुढचे दोनएक आठवडे उपास. माझ्या नरानं पहिल्या तीन वेळा तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडी गिळून टाकली. नवख्या बापांचं असं होतंच. चौथ्या वेळी एका संध्याकाळी दिवा लावला तर पानाच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी बारा पिल्लं उभी.

शेजारच्या काकूंना बोलावून दाखवली. त्या म्हणाल्या, "एवढ्या खटाटोपात बाराच? अहो, दादरच्या बाजारात जा, बारा बोंबील आणा." थट्टा सोडली तरी काकूंचा प्रश्न उरतोच. घरात दुर्मीळ मासे वाढवण्याचा हा उद्योग माणसं का करतात?

पैशासाठी, हे उत्तर आधी निकालात काढू. क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या दुकानांत चालतात ते गप्पी, मॉली, गोल्डफिश. मोठ्या तलावांत लाखांनी वाढवलेला माल स्वस्त पडतो. दुर्मीळ माशाला भाव मिळतो, पण गिऱ्हाईक बोटांवर मोजण्याइतकी असतात आणि पहिली पिल्लावळ विकली गेली की भाव उतरतो. शिवाय बारा पिल्लांना सहा महिने रोज जिवंत खाणं द्यावं लागतं. आर्टेमिया नावाच्या कोळंबीच्या जातीतल्या इवल्या जिवाची अंडी मिठाच्या पाण्यात घालायची, हवेचा पंप लावायचा, साधारण चोवीस तासांनी फुटलेली पिल्लं गाळून घ्यायची, आणि हे रोज. माझी वही सांगते की वीज आणि आर्टेमिया धरता मी कायम तोट्यात आहे. बायकोला ही वही मी दाखवलेली नाही.

मानासाठी, हे उत्तर अर्धं खरं आहे. परदेशातल्या हौशी मंडळांत गुण देण्याची पद्धत असते: पिल्लं ठरावीक आठवडे जगवून दाखवा आणि गुण घ्या. अवघड जातीला जास्त गुण. आपल्याकडे गुण नसले तरी "त्यानं डिस्कस काढले" हे वाक्य कुर्ल्यात वजन राखून असतं. डिस्कस हा एक चपटा, गोल मासा, आणि इथं 'काढले' म्हणजे पिल्लं काढली. डिस्कसची पिल्लं सुरुवातीचे दिवस आईबापांच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव खाऊन जगतात, त्यामुळं आईबापांनाच राजी करावं लागतं.

मला विचाराल तर खरी ओढ कोड्याची आहे. मासा टाकीत जगणं ही एक गोष्ट, आणि त्याला अंडी घालावीशी वाटणं ही अगदी दुसरी. रोहू-कटला तळ्यात मजेत वाढत, मादीच्या पोटात अंडीही तयार होत, पण ती तळ्यात घालत नसत. पुराचं वाहतं पाणी मिळालं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी जी संप्रेरकं सोडते, ती साचलेल्या पाण्यात सुटतच नव्हती. १९५७ साली ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या माशांच्या पिट्युटरीचा अर्क टोचून ते कुलूप उघडलं. १० जुलैला देशात मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो त्याचमुळं.

हौशी माणूस सुई टोचत नाही. त्याला माशाला पटवावं लागतं की पाऊस आला. म्हणून तो त्या माशाच्या नदीचा अभ्यास करतो. ती कधी आटते, कधी भरते, पूर येतो तेव्हा पाणी किती अंशांनी गार होतं, क्षार किती उतरतात. मग पाणी बदलायचं मुद्दाम लांबवायचं, खाणं कमी करायचं, आणि एका रात्री निम्मी टाकी गार, मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यानं भरायची. हवेचा दाब पडतो तेव्हा मासे जास्त मनावर घेतात असं आमच्यातले जुने लोक सांगतात. मी जूनच्या पहिल्या वादळी रात्री बादल्या भरून तयार असतो.

यात मुंबईकराला एक आयतं घबाड मिळालं आहे, ते म्हणजे नळाचं पाणी. भातसा, तानसा, वैतरणा ही सगळी पावसाची तळी. पाणी काळ्या पाषाणावर साठतं, चुनखडीतून झिरपत नाही, म्हणून ते मऊ असतं. पाणी रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडवलं की अॅमेझॉन आणि बोर्निओच्या माशांना ते जवळपास घरचंच. बोअरच्या जड पाण्यावर राहणाऱ्या मित्रांना यासाठी आरओ यंत्र लावून निम्मं पाणी वाया घालवावं लागतं. उकाड्याचाही फायदाच. ब्राझीलच्या झिंगू नदीतला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा प्लेको तीस अंशांच्या आसपास खूश असतो. तेवढं तापमान आमच्या गॅलरीत मे महिन्यात फुकट मिळतं.

हा झेब्रा प्लेको जगात फक्त झिंगूच्या एका पट्ट्यात आहे, आणि तिथंच बेलो माँचं प्रचंड धरण झालं. ब्राझीलनं त्याच्या निर्यातीवर बंदी घातली आहे आणि २०२२ मध्ये तो साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावर लगाम घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला. आज टाक्यांत दिसतो तो बहुतेक टाक्यांतच जन्मलेला. मादी एका वेळी दहा-पंधरा अंडी घालते, बाप कपारीत बसून ती राखतो. अशा आकड्यांवर धंदा उभा राहत नाही. छंदच उभा राहतो.

कधी कधी या छंदातून कुणी ठरवलेलं नसताना विज्ञानाच्या हाती काही लागतं. झिम्बाब्वेच्या गोनारेझू राष्ट्रीय उद्यानातल्या डबक्यांत नोथोब्रँकियस फुर्झेरी नावाचा किलीफिश राहतो. डबकं आटलं की मोठे मासे मरतात, चिखलातली अंडी वाढ थांबवून महिनोन्‌महिने पावसाची वाट पाहतात. हौशी लोक ही अंडी ओलसर पीटमध्ये, म्हणजे कुजलेल्या शेवाळाच्या भुशात, पिशवीबंद करून एकमेकांना चक्क पोस्टानं पाठवतात. (आमच्याकडे पीटऐवजी काथ्याचा भुसा. उत्तम चालतो.) पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी पकडलेल्या तिथल्या माशांचा एक वंश युरोपातल्या हौशांनी पिढ्यान्‌पिढ्या टाकीत जपला. २००३ मध्ये शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की तो तीनेक महिन्यांतच म्हातारा होऊन मरतो. म्हातारपण अभ्यासायला उंदीर घेतला तर वर्षं जातात, इथं एका हंगामात काम होतं. २०१५ मध्ये त्याचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय आराखडा, वाचून झाला आणि आज तो कित्येक प्रयोगशाळांत आहे.

दुसरी गोष्ट मेक्सिकोच्या टेकिला माशाची. टेउचित्लान नदीतून तो नाहीसा झाला. १९९८ मध्ये आयव्हन डिबल नावाचे इंग्रज हौशी मत्स्यपालक चेस्टर प्राणिसंग्रहालयातल्या पाच जोड्या घेऊन मिचोआकानच्या विद्यापीठात पोचले. तिथं कळप वाढवला गेला, मग चाळीस नर आणि चाळीस माद्या मोठ्या तळ्यांत सोडल्या. परोपजीवी, पक्षी, कमीजास्त अन्न यांची सवय व्हायला हवी होती. चार वर्षांत ते दहा हजारांच्या घरात गेले आणि मग नदीत परतले.

ही गोष्ट ऐकून आमच्यातले बरेच जण स्वतःला बायबलमधला, प्रलयात प्राण्यांच्या जोड्या नावेत घेऊन वाचवणारा नोहा समजू लागतात, म्हणून थोडं गणित. दर पिढीला जनुकीय विविधतेचा काही हिस्सा गळतो आणि तो हिस्सा म्हणजे एक भागिले प्रजननक्षम माशांची दुप्पट संख्या. पाच जोड्या, म्हणजे दहा मासे: पिढीला पाच टक्के. एकच जोडी: पंचवीस टक्के. माझ्या गॅलरीतल्या एका जोडीच्या बारा पिल्लांची आपसांत लग्नं लावत गेलो तर मी जात वाचवत नाही, फक्त तिची फोटोकॉपीची फोटोकॉपी काढतो. त्यात टाकीला जे मानवतं तेच टिकतं. बुजरी, निवडक खाणारी पिल्लं मरतात, आणि नेमकी तीच कदाचित ओढ्यात तगली असती. मूळ ठिकाण, साल आणि पिढी लिहिलेली नसेल तर असा मासा संवर्धनाच्या कामाचा नाही. 'दुर्मीळ' या शब्दाला एक विषही आहे. मिस केरला नावानं गाजलेला सह्याद्रीतला मासा (त्याच्या प्रजातीला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, २०१३ मध्ये 'सह्याद्रिया' हेच नाव मिळालं) जगभरच्या टाक्यांसाठी नद्यांतून इतका उपसला गेला की तो संकटग्रस्त यादीत पोचला. आंबोलीच्या हिरण्यकेशीत २०२० मध्ये एक नवा मासा नोंदवला गेला. शासनानं तिथला परिसर जैवविविधता वारसा स्थळ केला ते बरं झालं, कारण नवी जात छापून आली की कुणीतरी जाळी घेऊन निघतोच. ओढ्यातून उचलून आणलेल्या माशाला माझ्या घरात जागा नाही, आणि टाकीतला मासा ओढ्यात सोडणाऱ्याला तर आमच्या गटातच जागा नाही.

मग पाच जोड्या मुंबईच्या घरात ठेवायच्या कुठं? एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. माझ्या गॅलरीत तीन टाक्या आहेत आणि सोसायटीची एक नोटीस. उत्तर एकच, वाटून टाकायचं. २००५ च्या २६ जुलैच्या पावसात आमच्याकडे दोन दिवस वीज नव्हती, पंप बंद पडले आणि चार वर्षं जपलेला माझा एक किलीचा वंश संपला. दोन आठवड्यांनी ठाण्याच्या एका मित्राचा फोन आला: "तू मागच्या दिवाळीला दिलेली अंडी मी आत्ता भिजवली. सतरा फुटली."

म्हणून गेल्या रविवारी दादर स्टेशनला, मधल्या पुलावर. बारातली आठ जगली, त्यातली चार पिशवीत. घ्यायला आलेली कॉलेजातली मुलगी कल्याणची. तिच्याकडे दुसऱ्या जोडीची पिल्लं आहेत, माझ्या माशांशी नातं नसलेली. पिशवीवर मार्करनं लिहिलं होतं: अल्बिमार्जिनाटा, दुसरी पिढी, मार्च. तिनं विचारलं, "काका, नर पहिल्यांदा गिळतो ना?" "तीन वेळा," मी म्हणालो. तिनं पिशवी ओढणीत गुंडाळली आणि धीम्या गाडीकडं निघाली. फास्टला गर्दी फार असते.