तीन भाषांचं घर आणि एक वायर: सोलापुरातल्या केबल–डिशची पार्श्वभूमी

केबल ठेवायची की डिश बसवायची, हा प्रश्न पुण्यात बहुतेक पैशावर सुटतो. सोलापुरात तो आधी भाषेवर येतो. पूर्व भागातल्या विणकराच्या घरात अम्मा तेलुगू बघणार, मुलं मराठी शाळेतून आल्यावर मराठी किंवा हिंदी लावणार. शेजारच्या घरात कन्नड. म्हणून इथे कुठलंही कनेक्शन घेताना पहिला प्रश्न असतो, ‘सगळ्यांचं येतं का ह्याच्यात?’ गेल्या तीस-पस्तीस वर्षांतले इथले बदल मला तरी याच प्रश्नावरून नीट उलगडतात.

उपग्रहावरून थेट टीव्ही ही गोष्ट आपल्या भागाला केबलपेक्षाही जुनी आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 असं वर्षभर इस्रोने नासाच्या एटीएस-6 या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांना थेट कार्यक्रम दाखवले. ‘साइट’ म्हणतात तो हाच प्रयोग. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, पण कर्नाटक होता, आणि तिथले निवडलेले जिल्हे होते विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर. पहिले दोन आपल्या जिल्ह्याला खेटून. तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची छत्री, आणि अख्ख्या गावाला मिळून एक टीव्ही. मुंबई केंद्र 1972 मध्ये सुरू झालं होतं, पुढच्या वर्षी ते पुण्यातही दिसू लागलं, पण जमिनीवरच्या मनोऱ्याच्या लहरी तिथून अडीचशे किलोमीटर लांबच्या सोलापूरपर्यंत पोचण्यातल्या नव्हत्या. भीमेपलीकडच्या खेड्यांत मात्र थेट आकाशातून कन्नड कार्यक्रम उतरत होते.

पुढे 1982 मध्ये रंगीत प्रक्षेपण आलं, 1983 मध्ये इन्सॅट-1बी हा उपग्रह वर गेला आणि 1984 मध्ये देशभर लहान प्रक्षेपकांचा सपाटा लागला. ते दिवस गच्चीवरच्या अँटेनाचे. वरून एकजण दांडा फिरवणार, खालून दुसरा ओरडणार.

केबल सुरू झाली ती व्हिडिओवर. एका घरात व्हीसीआर, तिथून गल्लीभर वायर, रात्री सिनेमा. खरी उलथापालथ 1991 मध्ये झाली. आखाती युद्ध परदेशी वाहिनीवर थेट दिसलं आणि त्याच वर्षी एशियासॅट-1 या उपग्रहावरून स्टारच्या वाहिन्या सुरू झाल्या. 2 ऑक्टोबर 1992 ला झी आली. हे सगळं सी-बँडवर, म्हणजे लांब लहरींच्या पट्ट्यावर होतं. त्या लहरी पकडायला आठ-दहा फुटांची छत्री लागायची, ती एका घराला कशी परवडणार? म्हणून ज्याने छत्री घेतली तो केबलवाला झाला आणि बाकीची गल्ली त्याची गिऱ्हाईक झाली. विजेच्या खांबावरून, पत्र्यांवरून, लिंबाच्या फांदीतून काळी वायर गेली आणि दर थोड्या अंतरावर एक बूस्टर, म्हणजे सिग्नलला जोर देणारा विजेवरचा डबा बसला.

तेव्हाच्या कित्येक टीव्हींना आठ नाहीतर बारा बटणं असत. वायरीतून जास्त वाहिन्या आल्या तरी घरात जागा तेवढीच. 1994 मध्ये कन्नड उदया आणि 1995 मध्ये तेलुगू ईटीव्ही व जेमिनी सुरू झाल्यावर, कुठली भाषा कितव्या बटणावर आणि कुठली मुंग्या येणाऱ्या शेवटच्या जागेवर, हे केबलवाल्याच्या हातात गेलं. अल्फा मराठी, म्हणजे आजची झी मराठी, 15 ऑगस्ट 1999 ला आली. तोवर आमच्या ओळखीच्या कितीतरी मराठी बायकाही तेलुगू मालिका चित्रावरून समजून घ्यायच्या. केबलवाल्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण पेठेत कोण काय बोलतं हे त्याच्याइतकं दिल्ली-मुंबईच्या कुठल्या कंपनीला कळलं असतं, असं मला वाटत नाही. शिवाय त्याचं स्वतःचं चॅनेल असायचं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज घरबसल्या बघायची सोय त्यावरच होती, आणि डिश घेतली की ती सुटते. आजही घरातली म्हातारी माणसं केबल सोडायला तयार नसतात, त्याचं हे एक कारण आहे.

मग लोक सोडून का गेले? माझं उत्तर आहे भारनियमन. 2005 नंतरची काही वर्षं आठवा. आपल्या घरात वीज आहे, पण मधल्या ज्या गल्लीत बूस्टर आहे तिथली गेली की पडदा काळा. इन्व्हर्टर घेऊनही उपयोग शून्य. डिशला मधली गल्लीच नसते.

खरं तर डिश आधीच यायची. पण जुलै 1997 मध्ये सरकारने केयू-बँड या दुसऱ्या लहरी-पट्ट्यावरून घरोघरच्या थेट प्रक्षेपणाला मनाई केली. ती नोव्हेंबर 2000 मध्ये उठली. डिश टीव्ही 2003 मध्ये, दूरदर्शनची मोफत सेवा डिसेंबर 2004 मध्ये आणि टाटा स्काय 2006 मध्ये आली. 2007 ते 2009 या काळात सन डायरेक्ट, बिग टीव्ही, एअरटेल आणि व्हिडिओकॉन अशी रांग लागली. केयू-बँडचे उपग्रह जास्त जोराने पाठवतात आणि लहरीही आखूड असतात, म्हणून साठ सेंटिमीटरची छत्री पुरते. केबलवाल्याची छत्री घरोघरी आली ती अशी, लहान होऊन.

ती बसवताना मी एका यंत्रमागाच्या शेडवर उभा होतो. आपल्याकडून हे उपग्रह दक्षिण ते आग्नेय या पट्ट्यात दिसतात, तेही क्षितिजापासून चांगले वर, बहुतेक साठ अंशांच्या आसपास किंवा पुढे. त्यामुळे समोरची इमारत अगदी अंगावर नसेल तर आड येत नाही. बसवणाऱ्याने छत्री बोटभर सरकवली, खाली विचारलं, ‘आलं का ओ?’ खालून तेलुगूत उत्तर आलं, ‘वच्चिंदी!’, म्हणजे आलं. दोन आठवड्यांत चित्र गेलं. चौकट पत्र्याच्या कैचीला बांधली होती, खाली दिवसभर माग खटखटत होते आणि नट हळूहळू ढिले झाले होते. या छत्रीला दोन अंशांची चूकही सोसत नाही. शेवटी ती काढून राहत्या घराच्या भिंतीत पक्क्या बोल्टने बसवली, तेव्हापासून हललेली नाही. पावसाने चित्र जातं हे खरं, पण सोलापूरला तसा पाऊस वर्षातून किती वेळा? सप्टेंबरातल्या काही संध्याकाळी, तेवढंच.

केबलही जागी बसली नाही. 31 मार्च 2013 च्या मुदतीने ज्या 38 शहरांत डिजिटल केबल सक्तीची झाली, त्यांत सोलापूर होतं. घरोघर सेट-टॉप बॉक्स आला, मुंग्या गेल्या, बटणांचं राजकारण संपलं. 2019 च्या नव्या दरपद्धतीने तर केबल आणि डिश एकाच मापात आले. पहिल्या शंभर वाहिन्यांना कर सोडून जास्तीत जास्त 130 रुपये आणि पैशाच्या वाहिन्या आपल्या पसंतीने वेगळ्या. पुढच्या वर्षी त्याच 130 मध्ये दोनशे वाहिन्या झाल्या आणि त्याच घरातल्या दुसऱ्या टीव्हीसाठी या शुल्काच्या 40 टक्क्यांची मर्यादा आली. 2024 मध्ये 130 ची ही मर्यादा उठली.

तीन भाषांच्या घराची अडचण नेमकी इथे होते. कंपन्यांचे पॅक एका राज्याचा विचार करून बांधलेले. मराठी पॅक घेतला तर तेलुगू नाही, दक्षिणेचा घेतला तर मराठी नाही, दोन्ही घेतले तर हिंदीचे पैसे दोनदा. म्हणून ओळखीत कुणी विचारलं तर मी सांगतो, पॅक बाजूला ठेवा. कागद घ्या, घरातल्या प्रत्येकाला रोज लागणाऱ्या तीन-चार वाहिन्या लिहा आणि त्या सुट्या घेतल्या तर किती होतात ते विचारा. मग टीव्ही किती ते बघा, कारण प्रत्येक टीव्हीला वेगळा बॉक्स लागतो. घर भाड्याचं असेल तर भिंतीला भोक पाडायला मालक हो म्हणतो का, तेही आधीच विचारून घ्या.

विडी कामगारांच्या वसाहतींत मी बहुतेकांना दूरदर्शनची मोफत छत्रीच सुचवतो. एकदाच खर्च, महिन्याला काही नाही. दूरदर्शनच्या सह्याद्री, यादगिरी, सप्तगिरी आणि चंदना या वाहिन्या, म्हणजे मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही एका छत्रीत येतात.