एक बोट, पाच वाटेकरी: वाटा घेण्याआधी वाचावे असे

कोकणात सामाईक मालकी नवी नाही. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या सामाईक जाळ्यात, वाटे असतात, आंब्याच्या कलमांत असतात, आणि सातबाऱ्याचे तर विचारूच नका. बावीस नावांची जमीन ज्या कारणाने पडीक राहते, त्याच कारणाने सामाईक बोट यार्डात सडते: वापरायला सगळे, दुरुस्तीला कोणीच नाही. ते टाळायचे तर काही गोष्टी पैसे भरण्याआधीच ठरवाव्या लागतात.

पुढचा हिशेब 22 फुटी हौशी फायबर बोट आणि 115 अश्वशक्तीचे एक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचे) इंजिन धरून मांडला आहे.

वाटेकरी पाचच का?

आमच्याकडे बोटीत वाटा घ्यायला येणारे गिऱ्हाईक बहुतेक वेळा चार मित्रांचा गट घेऊन येते. महिन्यात चार रविवार, प्रत्येकाला एक, सोपे वाटते. पण खाडीच्या मुखावर वाळूचा दांडा असतो आणि भरतीच्या आधी आणि नंतर साधारण अडीच-अडीच तासच तिथून निर्धास्त जाता येते. भरतीची वेळ तिथीवर चालते. जुना हिशेब तुम्हाला ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट करा, भरतीचा तास मिळतो. पुनवेला आणि अवसेला बाराच्या सुमारास, अष्टमीला सहा वाजता. म्हणजे अष्टमीला भर दिवसा दांडा ओलांडता येत नाही. हा ठोकताळा मुंबईकडचा. रत्नागिरी-मालवणकडे भरती थोडी आधी येते, म्हणून निघण्यापूर्वी छापील भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावेच.

आता गंमत पाहा. चार आठवडे म्हणजे 28 दिवस, आणि पुनव ते पुनव साडेएकोणतीस. चौघांच्या फेरीत प्रत्येकाची पाळी दर वेळी जेमतेम दीड तिथी सरकते. दिवाळीला अष्टमीत अडकलेला माणूस तिथून सुटेपर्यंत शिमगा येतो. पाच जणांत फेरी 35 दिवसांची होते, पाळी साडेपाच तिथी पुढे जाते, आणि एका खेपेला भांग (अष्टमीच्या आसपासची लहान भरती) मिळाले तर पुढच्या खेपेला जवळजवळ उधाण (पुनव-अवसेची मोठी भरती) मिळते. तिघांतही हे जमते. चार आणि सहा मात्र टाळा.

अष्टमीची पाळी वाईटच असते असे नाही. सकाळी सातला मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या) वाऱ्यावर बाहेर पडून संध्याकाळी पाचला आत येणाऱ्याला तीच सोयीची. भांगाला पाण्याची ओढही कमी. मुलाबाळांना घेऊन दहाला निघून दोनला परतणाऱ्याला पुनव बरी. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यातल्या सुट्ट्या मात्र फेरीत घालू नका. त्यांच्या वेगळ्या चिठ्ठ्या टाका.

पैसे

समजा बोट, इंजिन आणि ट्रेलर मिळून 25 लाख. प्रत्येकी 5 लाख. इथवर भांडण होत नाही, भांडण पुढच्या खर्चावर होते.

मुरिंग (पाण्यात बोट बांधून ठेवायची जागा), राखणदार, विमा, पावसाळ्यातली जागा, तळाचा रंग हा खर्च बोट हलली नाही तरी येतो. तो पाच समान भागांत, दर तिमाहीला, आगाऊ. इंजिनाची झीज तासावर: नवे इंजिन 12 लाखांचे आणि 1,500 तास चालेल असे धरले तर तासाला 800 रुपये वेगळ्या खात्यात गेले पाहिजेत. नेमके हेच खाते लोक ‘नंतर बघू’ म्हणून उघडत नाहीत, आणि इंजिन बसले की वाटे विकायला काढतात. पेट्रोलचा नियम एकच: टाकी भरलेली घ्या, भरलेली द्या. मध्यम वेगाला तासाला 20 लिटरच्या आसपास जाते; पूर्ण गती दिली की जवळजवळ दुप्पट.

बोट ताब्यात देताना

पाळी संपली की अवर मीटरचा (इंजिन किती तास चालले ते दाखवणाऱ्या मीटरचा) आकडा वहीत लिहा आणि इंजिन गोड्या पाण्यावर दहा-पंधरा मिनिटे चालवा. हे चुकले तर मीठ पाण्याच्या वाटांत साचते, आणि पुढच्याच्या पाळीत इंजिन तापते. चालत्या इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक पिचकारी पडत असते. ती बंद झाली तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा, नांगर टाका आणि मग कारण शोधा. बहुधा दांड्यावर ओढलेल्या वाळूने इंपेलरची, म्हणजे इंजिनात थंड पाणी खेचणाऱ्या चाकाची, रबरी पाती खाल्लेली असतात. सुटा इंपेलर बोटीतच ठेवावा.

गिअर ऑइल दुधाळ दिसले तर सील गेले आहे. पहिली सर्व्हिस 20 तासांवर, मग दर 100 तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. इंजिनाच्या धातूऐवजी स्वतः झिजावा म्हणून लावलेला झिंकचा तुकडा निम्मा झिजला की बदला. त्यावर रंग फासू नका, रंगवलेले झिंक काम करत नाही. तांब्याचा तळरंगही इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या पायाला लावू नका, महिन्याभरात धातू खाऊ लागतो.

पावसाळा

जून ते ऑगस्ट बोट पाण्यात ठेवू नका. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला तरी हौशी बोट गणपती होईपर्यंत यार्डात बरी. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा ओढून घेते आणि पाणी तळाशी बसते. म्हणून टाकी रिकामी करा, फिल्टर बदला. बोट शाकारताना नाळ (बोटीचे पुढचे टोक) जरा उंच ठेवा आणि तळाचे बूच काढून ठेवा, पावसाचे पाणी निघून जाईल. काढलेले बूच किल्लीच्या जुडग्याला बांधा. हंगामाच्या पहिल्या दिवशी बूच न लावताच बोट पाण्यात सोडणे ही चूक हसण्यासारखी वाटते, पण दरवर्षी कोणीतरी करतेच.

करारात काय हवे

नोंदणीवर आणि विम्याच्या पॉलिसीत पाचही नावे हवीत. एकाच्या नावावर बोट आणि बाकीच्यांचा विश्वास, ही पद्धत त्या एकाच्या मृत्यूपर्यंतच चालते. नोंदणी, सर्व्हे आणि परवान्यांसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या जवळच्या बंदर कार्यालयात जावे लागते. बोट भाड्याने दिली तर खाजगी वापराचा विमा दावा नाकारू शकतो. शिवाय 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे निव्वळ एकत्र मालकी म्हणजे भागीदारी नव्हे, पण मिळून धंदा केला आणि नफा वाटला की गोष्ट बदलते. ‘एखादा रविवार पर्यटकांना देऊ’ हा विचार आला तर आधी वकिलाकडे जा.

बाहेर पडणाऱ्याने वाटा आधी उरलेल्या चौघांना द्यायचा, 60 दिवसांची मुदत, किंमत बाहेरच्या सर्व्हेअरने ठरवायची. वारसाला वाट्याची किंमत मिळेल. सुकाणू मात्र बाकीच्यांच्या संमतीने. पैसे थकले तर पाळी थांबते. 25,000 रुपयांपर्यंतची दुरुस्ती पाळीवाल्याने न विचारता करावी, त्यापुढे तिघांची सही, विक्रीला पाचांची. अपघातात विम्याने न दिलेली रक्कम त्या दिवशी बोट ज्याच्या ताब्यात होती त्याने भरायची, मग सुकाणूवर मेहुणा का असेना.

प्रत्येक डोक्यामागे एक लाइफ जॅकेट, मुलांची वेगळी. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554, सागरी पोलिसांचा 1093, व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल 16; तिन्ही सुकाणूजवळ रंगाने लिहून घ्या.

पहिल्या बैठकीला पाचही जणांनी यावे. ‘तो मागाहून सही करेल’ असे असेल तर बैठक पुढे ढकलू.