जर्मनीच्या ग्रामीण भागातील गुहा, दगडखाणी आणि पडके किल्ले : कुलपांमागचा इतिहास

जर्मनीत ज्या गुहांमध्ये, भुयारांमध्ये आणि जमिनीखालच्या जुन्या तळघरांमध्ये वटवाघळे हिवाळा काढतात, तेथे १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या सहा महिन्यांत शिरण्यास केंद्रीय निसर्गसंरक्षण कायद्याने मनाई केली आहे. पर्यटकांसाठी आधीपासून खुल्या असलेल्या गुहा यातून वगळल्या आहेत. उरलेल्या सहा महिन्यांतही अनेक गुहांच्या तोंडाशी आडव्या गजांची लोखंडी जाळी आढळते; तिच्यातून वटवाघूळ जाऊ शकते, माणूस जाऊ शकत नाही. नव्याने जाणाऱ्याला हा सरकारी काटेकोरपणाचा नमुना वाटण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात या जाळ्यांमागे साडेतीनशे वर्षांहून जुना अनुभव आहे. जर्मन ग्रामीण भागात गुहा, दगडखाण आणि पडका किल्ला या तीन जागा एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि प्रत्येक पिढी आपापल्या कारणाने तेथे शिरली. त्यांतल्या बहुतेकांनी बाहेर पडताना काहीतरी बरोबर नेले. कुलूप लागले ते त्यामुळे.

या इतिहासाची सुरुवात मध्य जर्मनीतील हार्त्स पर्वतातून करणे योग्य ठरेल. तेथील र्‍युबेलांड गावाजवळची बाउमान गुहा ही जर्मनीतील सर्वांत जुन्या पर्यटन-गुहांपैकी एक आहे. वाट चुकून आत अडकलेल्या बाउमान नावाच्या खाणकामगाराची कथा तिच्याशी जोडली जाते. ती बहुधा लोककथाच आहे. मात्र १६४६ पासून तेथे अधिकृत वाटाड्यासह लोकांना आत नेले जात होते, ही नोंद आहे. पाहुण्यांबरोबर नासधूसही आली. चुन्याचे झुंबरासारखे लटकणारे स्तंभ तोडून आठवण म्हणून नेण्याची पद्धत पडली, आणि १६६८ मध्ये ब्राउनश्वाइगचा ड्यूक रुडोल्फ आउगुस्ट याला गुहेच्या रक्षणासाठी आदेश काढावा लागला. निसर्गाची एखादी जागा केवळ ती तशीच राहावी म्हणून सरकारने जपावी, असे सांगणाऱ्या युरोपातील आरंभीच्या आदेशांमध्ये त्याची गणना होते. पुढे कवी गटेनेही १७७७ पासून एकाहून अधिक वेळा या गुहेला भेट दिली.

त्याच पर्वताच्या दक्षिण कडेला शार्त्सफेल्डजवळ असलेल्या एकशृंग गुहेची (एकशृंग म्हणजे कपाळावर एकच शिंग असलेला काल्पनिक प्राणी) गोष्ट अधिक बोलकी आहे. मातीत गाडली गेलेली मोठमोठी हाडे तेथून खणून काढली जात आणि एकशृंगाची हाडे म्हणून औषधवाल्यांना विकली जात. त्यांची पूड अनेक रोगांवर गुणकारी मानली जाई. ती हाडे बहुतांशी नामशेष झालेल्या गुहा-अस्वलांची होती. १६६३ मध्ये क्वेडलिनबुर्गजवळच्या जिप्समच्या खाणीत सापडलेल्या हाडांवरून एकशृंगाचा अख्खा सांगाडा जुळवण्यात आला. हा उद्योग निर्वात पोकळीच्या प्रयोगांसाठी प्रसिद्ध असलेल्या ऑटो फॉन गेरिके याच्या नावाशी जोडला जातो. मॅमथ आणि लोकरी गेंडा यांच्या हाडांचे मिश्रण करून उभा केलेला हा दोन पायांचा विचित्र प्राणी तत्त्वज्ञ लाइब्निट्स याच्या मृत्यूनंतर १७४९ मध्ये छापल्या गेलेल्या भूविज्ञानविषयक ग्रंथातही चित्ररूपाने आला आहे. लाइब्निट्स १६८० च्या दशकात हार्त्समधील खाणींच्या कामानिमित्त येत असताना या गुहांमध्ये स्वतः उतरला होता. अशा बुद्धिमान माणसालाही तो सांगाडा खरा वाटावा, यावरून त्या काळी भूगर्भाबद्दलचे ज्ञान किती तोकडे होते ते दिसते.

या औषधविक्रीने झालेले नुकसान मोजता येण्याजोगे नाही, पण त्याचा अंदाज २०१९ मध्ये आला. त्या वर्षी याच गुहेच्या जुन्या, ढासळलेल्या प्रवेशद्वारापाशी केलेल्या उत्खननात महाकाय हरणाच्या पायाच्या बोटाचे एक हाड मिळाले. त्यावर नियांडरथल या नामशेष मानवप्रकारातील माणसाने कोरलेल्या कोनाकृती रेषा होत्या. किमान ५१,००० वर्षांपूर्वीचे हे हाड २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनामुळे जगभर गाजले. असे आणखी काही औषधवाल्याच्या खलबत्त्यात कुटले गेले नसेल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

हाडांकडे औषध म्हणून नव्हे, तर पुरावा म्हणून पाहण्याची दृष्टी फ्रँकोनिया या बव्हेरियाच्या उत्तर भागातील डोंगराळ चुनखडीच्या प्रदेशात घडली. उटेनरॉइथ गावचा धर्मोपदेशक योहान फ्रीडरिश एस्पर याने बुर्गगाइलेनरॉइथजवळच्या गुहेतील हाडांचे सचित्र वर्णन १७७४ मध्ये प्रसिद्ध केले. तेथे त्याला नामशेष प्राण्यांच्या हाडांच्या सोबतीने मानवी हाडेही मिळाली होती. माणूस आणि ते प्राणी एकाच काळात होते असे म्हणण्याचे धाडस मात्र त्याने केले नाही. पुढे १७९४ मध्ये योहान क्रिस्टियान रोझेनम्युलर याने याच गुहेतील कवटीच्या आधारे गुहा-अस्वलाला शास्त्रीय नाव दिले. कीर्ती झाली तशी संग्राहकांची रीघ लागली, आणि येथील हाडे युरोपभरच्या संग्रहालयांत, विशेषतः इंग्लंडमध्ये, जाऊन पोहोचली. ही गुहा आता कुलूपबंद आहे.

त्याच सुमारास, १७९३ मध्ये, लुडविग टीक आणि वाकेनरोडर हे एर्लांगेनमध्ये शिकणारे दोन तरुण लेखक फ्रँकोनियातून भटकंतीला निघाले. पडक्या किल्ल्यांत, अरुंद दऱ्यांत आणि गुहांमध्ये त्यांना जे सौंदर्य दिसले, त्याने पुढच्या पिढीतील रोमँटिक प्रवाशांची नजर घडवली. त्याआधी पडका किल्ला म्हणजे फुकटच्या घडीव दगडांचा साठा, एवढीच गावकऱ्यांची समजूत होती. १५२५ च्या शेतकरी बंडात, तीस वर्षांच्या युद्धात आणि १६८९ च्या सुमारास फ्रेंच सैन्याने ऱ्हाइनच्या काठी केलेल्या विध्वंसात किल्ले पडले हे खरे, पण त्यांचे उरलेसुरले दगड अंगणाच्या भिंतींत आणि गोठ्यांच्या पायात गेले, हेही तितकेच खरे. ग्राइफ्सवाल्डजवळच्या एल्डेना मठाच्या विटा सतराव्या शतकात तटबंदीसाठी नेण्यात आल्या. पुढे त्याच शहरात जन्मलेल्या कास्पार डाविड फ्रीडरिश या चित्रकाराने तेथील उरलेल्या कमानींना अजरामर केले. हायडलबर्गच्या उद्ध्वस्त राजवाड्यातून दगड नेण्यास आळा घालण्याचे श्रेय १८१० मध्ये तेथे आलेल्या शार्ल द ग्रेंबेर या फ्रेंच उमरावाकडे जाते. ज्यांच्या सैन्याने तो राजवाडा उडवला त्यांच्याच देशातला माणूस त्याचा राखणदार व्हावा, हा योग मोठा गमतीचा आहे.

दगडखाण आणि भग्नावशेष यांच्यातील संघर्ष सर्वांत ठळकपणे दिसतो तो बॉनच्या दक्षिणेला ऱ्हाइनकाठी असलेल्या ड्राखेनफेल्स टेकडीवर. या टेकडीचा ट्रॅकाइट हा ज्वालामुखीजन्य दगड रोमन काळापासून काढला जात होता, आणि मध्ययुगात कलोनच्या कॅथेड्रलसाठी तो नदीमार्गे नेला जाई. एकोणिसाव्या शतकात कॅथेड्रलचे रखडलेले काम पुन्हा हाती घेण्याची वेळ आली, तेव्हा खाणकामही पुन्हा सुरू झाले आणि माथ्यावरच्या किल्ल्याचा पडका बुरूज ढासळू लागला. एका जुन्या वास्तूला पूर्ण करण्यासाठी दुसरी जुनी वास्तू पाडावी काय, असा हा प्रश्न होता. प्रशियाच्या सरकारने आधी काम थांबवले आणि १८३६ मध्ये टेकडीचा माथाच विकत घेतला. पडक्या वास्तूंची पुनर्बांधणी करावी की आहे तशाच जपाव्यात, हा वाद मात्र पुढे चालूच राहिला. १९०१ मध्ये हायडलबर्गच्या निमित्ताने कलेतिहासकार गेओर्ग डेहियो याने जतनाच्या बाजूने कौल दिला. आज जर्मनीतील बहुतेक पडक्या किल्ल्यांना फक्त आधार देऊन उभे ठेवलेले दिसते, त्यामागे त्या वादाचा मोठा वाटा आहे.

दगडखाणींनी किल्ले खाल्ले, तशा गुहाही खाल्ल्या. पण कित्येक गुहा जगासमोर आल्या त्या खाणींमुळेच. आटेनडॉर्नची आटा गुहा १९०७ मध्ये चुनखडीच्या खाणीतील सुरुंगाने उघडली. सॅक्सनीतील झिराऊची गुहाही १९२८ मध्ये खाणीतच सापडली, तर इझरलोनजवळची डेखेन गुहा १८६८ मध्ये रेल्वेमार्गाच्या कामगारांना लागली.

सर्वांत महत्त्वाचे उदाहरण अर्थातच ड्युसेलडॉर्फजवळच्या नियांडर दरीचे. ड्युसेल नदीची ही अरुंद, कड्यांची दरी पूर्वी चित्रकारांचे आवडते ठिकाण होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चुनखडीसाठी तिचे कडे फोडण्यास सुरुवात झाली. १८५६ च्या उन्हाळ्यात फेल्डहोफर नावाच्या एका छोट्या गुहेतील चिकणमाती कामगार उपसून खाली फेकत असताना त्यात हाडे दिसली. ती अस्वलाची समजली गेली आणि एल्बरफेल्ड येथील शिक्षक योहान कार्ल फुलरोट याच्याकडे सोपवण्यात आली. ती एका प्राचीन प्रकारच्या माणसाची आहेत, हे त्याने ओळखले; नियांडरथल हे त्या माणसाचे नाव याच दरीवरून पडले. खाणकाम पुढे चालू राहिले आणि काही दशकांत गुहाच काय, तिचा कडाही उरला नाही. जागेचा नेमका ठावठिकाणाही विसरला गेला. १९९७ मध्ये राल्फ श्मिट्स आणि युर्गेन थिसेन या पुरातत्त्वज्ञांनी जुन्या कागदपत्रांचा माग काढून खाणीच्या ढिगाऱ्याखाली ती फेकलेली माती शोधून काढली. त्या मातीतला हाडाचा एक तुकडा १८५६ च्या सांगाड्याच्या मांडीच्या हाडाला नेमका जुळला. खाण नसती तर तो शोध लागला नसता, आणि खाण होती म्हणून ती गुहा राहिली नाही. या दोन्ही विधानांना एकदमच मान्य करावे लागते.

खाणीचा उपयोग बदलत गेल्याचे उदाहरण म्हणून पश्चिम जर्मनीतील आयफेल या डोंगराळ प्रदेशातील मेंडिग आणि मायेन पाहण्यासारखे आहेत. तेथील बसाल्टपासून रोमन काळापासून जात्यांचे दगड घडवले जात. चांगला दगड मिळवण्यासाठी खाणकामगार उभ्या विहिरींतून खाली उतरत आणि छत तोलण्यासाठी मध्ये दगडाचे खांब सोडत पोकळी वाढवत जात. मेंडिगखाली सुमारे ३० मीटर खोलीवर अशा दालनांचे जाळे तयार झाले, आणि तेथील वर्षभर टिकणारा गारवा बिअर साठवण्यास उत्तम ठरला. एकोणिसाव्या शतकात या छोट्या गावात २८ मद्यनिर्मिती कारखाने होते. १८७० च्या दशकात कार्ल लिंडे याने शीतकरणाचे यंत्र विकसित केले, तेव्हा नैसर्गिक थंडीची गरज संपली आणि एकामागून एक कारखाने बंद पडले. रिकाम्या दालनांचा ताबा वटवाघळांनी घेतला. आज मायेनच्या खाणक्षेत्रात हजारो वटवाघळे हिवाळा काढतात आणि मध्य युरोपातील त्यांच्या सर्वांत मोठ्या आश्रयस्थानांत त्याची गणना होते. हिवाळी झोपेतले वटवाघूळ दचकून जागे झाले की वसंतापर्यंत पुरवायची चरबी खर्ची पडते, आणि असे वारंवार झाल्यास ते मरते. लेखाच्या आरंभी सांगितलेल्या बंदीमागचे शास्त्रीय कारण हेच आहे. बंद पडलेल्या उघड्या खाणींच्या कड्यांवर विसाव्या शतकात जवळजवळ नाहीसे झालेले मोठे शृंगी घुबड परत आले. त्यामुळे विणीच्या काळात तेथील प्रस्तरारोहणावरही निर्बंध येतात.

काही भुयारांचा इतिहास मात्र वेगळ्या सुरात सांगावा लागतो. नॉर्डहाउझेनजवळच्या कोनश्टाइन डोंगरातील भुयारे मूळची खाणकामाची होती. ऑगस्ट १९४३ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरील पेनेम्युंडे या क्षेपणास्त्र केंद्रावर बॉम्बहल्ला झाल्यावर व्ही-२ क्षेपणास्त्रांची निर्मिती तेथे हलवण्यात आली. या कामासाठी उभारलेल्या मिटेलबाउ-डोरा छळछावणीत एकूण सुमारे ६०,००० कैदी आणले गेले, त्यांपैकी सुमारे २०,००० मृत्युमुखी पडले. त्यापासून फार दूर नसलेल्या हाइमकेले या जिप्समच्या नैसर्गिक गुहेतही १९४४ मध्ये कैद्यांकडून विमानांचे भाग बनवून घेण्यात आले. फ्रँकोनियातील पोटेनश्टाइन येथे कैद्यांना सैतान गुहेच्या विस्ताराच्या कामावर जुंपण्यात आले. आज तीच गुहा सहलींचे ठिकाण आहे. युद्धानंतर कोनश्टाइनच्या भुयारांतून यंत्रांचे भाग चोरून नेणारेही कमी नव्हते. अशा जागी ‘आम्ही केवळ फोटो काढायला आलो’ हे म्हणणे पुरेसे ठरत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तेथे मार्गदर्शकासह जाण्याची सोय आहे, आणि तीच योग्य आहे.

युद्धोत्तर काळात गुहाशोधाला संघटित रूप आले. १९५५ मध्ये गुहा आणि कार्स्ट (पाण्याने खडक विरघळून गुहा बनणारा प्रदेश) यांच्या संशोधकांची देशव्यापी संघटना स्थापन झाली. तिच्याशी संलग्न मंडळे आपापल्या प्रदेशातील गुहांची क्रमांकवार नोंद ठेवतात, मोजणी करून नकाशे काढतात आणि कित्येक ठिकाणी जाळ्यांच्या कुलपांच्या चाव्याही सांभाळतात. हौशी माणसे निव्वळ उपद्रवी नसतात, हे मेसेलच्या खाणीने दाखवून दिले. फ्रांकफुर्टच्या दक्षिणेकडील ही तेलयुक्त शेलची खाण १९७१ मध्ये बंद पडल्यावर तेथे कचरा टाकण्याची योजना आखली गेली. खडक वाळला की भेगाळतो आणि त्यातील सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म चुरा होतात. ते कृत्रिम राळेवर उतरवून घेण्याची पद्धत वापरात आणण्यात आणि खाणीचे महत्त्व लोकांसमोर मांडण्यात हौशी संग्राहकांचा मोठा वाटा होता. दीर्घ लढ्यानंतर ती योजना बारगळली आणि १९९५ मध्ये मेसेलला युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले.

२००० नंतर उपग्रहीय स्थाननिश्चिती सामान्य माणसाच्या हातात आली. लपवलेले डबे शोधण्याचा खेळ आणि पडीक वास्तूंची छायाचित्रे काढण्याचा छंद जर्मनीत फोफावला. अशा वास्तूंना तेथे सर्रास ‘लॉस्ट प्लेसेस’ म्हणतात. जंगलातून पायी फिरण्याचा हक्क जर्मन कायदा सर्वांना देतो, पण कुंपणाआडची खाण किंवा बंद इमारत त्यात येत नाही. तेथे मालकाच्या परवानगीवाचून शिरल्यास अनधिकृत प्रवेशाचा गुन्हा दाखल होऊ शकतो.

जून २०१४ मध्ये बेर्खटेसगाडेनजवळच्या रीझेनडिंग या जर्मनीतील सर्वांत खोल गुहेत सुमारे १,००० मीटर खोलीवर दगड कोसळून एक अनुभवी गुहासंशोधक जखमी झाला. त्याला बाहेर काढण्यासाठी पाच देशांतील ७०० हून अधिक लोक अकरा दिवस झटत होते. त्यानंतर त्या गुहेचे तोंडही जाळीने बंद झाले आणि आत जाण्यासाठी प्रशासनाची परवानगी लागू लागली. मंडळांच्या प्रकाशनांत नव्या गुहांची लांबी, खोली आणि नकाशा आजही छापला जातो. तोंडाचे नेमके ठिकाण मात्र बहुधा त्यातून वगळलेले असते.